बुडणाऱ्याला काढायला पोलिसांची वाट पाहायची?

"पोलीस आल्याशिवाय बुडालेल्याला हात लावू नका, केस अंगावर येते." पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तापी फुगली की हा मेसेज जळगाव-भुसावळकडे हमखास फिरतो. भीती खोटी नाही. चौकशीचा धसका पुष्कळांनी घेतलेला आहे. पण नियम तसा नाही.

पंचनामा लागतो तो मृत्यू झाल्यावर. आणि माणूस मेला हे काठावरच्या गर्दीने नाही, डॉक्टरने ठरवायचं असतं. तोवर तो जिवंतच धरायचा. पाण्याखाली मेंदूला प्राणवायू मिळत नाही. चार-पाच मिनिटांतच इजा सुरू होऊ शकते, तेवढ्यात पोलिसांची गाडी तालुक्याहून पोचत नाही.

स्वतः पडताळा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० काढून वाचा: संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावाने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, काही मर्यादांसह. जुन्या दंड संहितेत हेच कलम ९२ होतं. समुद्रावर तर १९८२च्या सागरी कायदा करारानुसार (कलम ९८) संकटातल्या माणसाला मदत करणं हे जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्यच आहे.

घाटावर पाहा: प्रशासन स्वतःच पट्टीच्या पोहणाऱ्या भोई-कोळी बांधवांना हाक मारतं. ट्यूब, दोर, होडी त्यांचीच.

म्हणून ११२ लावा, त्याच वेळी दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेका. पोहता येत नसेल तर उडी मात्र मारू नका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि १०८ बोलवा.