मॅन्टू निगेटिव्ह आणि थुंकी निगेटिव्ह

दोन्ही रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ असलं की घरचे निर्धास्त होतात: दोनदा तपासलं, टीबी नाही. एचआयव्ही असलेल्या, किडनी बदललेल्या, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब चुकू शकतो. या दोन तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी बघतात आणि फसतातही वेगवेगळ्या कारणांनी.

मॅन्टू टेस्ट जंतू शोधतच नाही. कातडीत 0.1 मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन) टोचतात आणि 48 ते 72 तासांनी उठलेला फुगवटा मोजतात. लाली मोजायची नसते, बोटाला लागणारा टणक भाग मोजायचा असतो. तो टणकपणा आणतात टीबीच्या जंतूंशी आधी गाठ पडलेल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्याच कमी असतील किंवा औषधांनी दबलेल्या असतील, तर जंतू अंगात असूनही हात सपाट राहतो. म्हणून एरवी बहुधा 10 मिमीला पॉझिटिव्ह धरतात, तर एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत 5 मिमीलाच.

रक्ताची इग्रा टेस्टही याच पेशींवर विसंबून असते. बीसीजी लशीमुळे ती चुकत नाही, हा तिचा फायदा. शिवाय तिच्यात एक कंट्रोल नळी असते, त्यात टी-पेशींना मुद्दाम डिवचतात. तिथेही त्या हलल्या नाहीत तर रिपोर्ट ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे अनिर्णित, येतो. असा रिपोर्ट पाहून लोक वैतागतात, पण मला तो खोट्या निगेटिव्हपेक्षा बरा वाटतो. निदान पेशी गप्प आहेत हे तरी कळतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार असतील, तर या तपासण्या त्याआधीच उरकाव्यात.

आणि पॉझिटिव्ह आली तरी दोन्हींतून एवढंच कळतं की संसर्ग झालेला आहे. आजार आहे की जंतू नुसते सुप्त पडून आहेत, हे नाही.

थुंकीचं गणित निराळं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलीलिटरमागे साधारण 5 ते 10 हजार तरी लागतात. एवढे जंतू बेडक्यात येतात ते मुख्यतः फुफ्फुसात पोकळी पडल्यावर, आणि ती पोकळी बरीचशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून पडते! सीडी4 पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार, एचआयव्हीत घटणारा) रक्ताच्या मायक्रोलिटरमागे 200 च्या खाली गेल्या की पोकळ्या कमी पडतात. जंतू लसिका ग्रंथींत, यकृतात, मेंदूच्या आवरणात पसरतात. थुंकीत मात्र थोडेच उतरतात. एक्स-रेसुद्धा कधीकधी साफ दिसतो. त्यामुळे अशा पेशंटमध्ये नुसत्या स्मिअरवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीवर, थांबू नये. जंतूंचा डीएनए शोधणारी सीबीनॅट टेस्ट कितीतरी कमी जंतूही पकडते. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं, त्याहून बारकाईने शोधतं, पण निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागू शकतात.

लघवीच्या लॅम टेस्टचं सगळं उलट. ती जंतूच्या आवरणातला पदार्थ शोधते आणि एचआयव्ही असलेल्यांत, विशेषतः सीडी4 100 च्या खाली असताना, जास्त उपयोगी पडते. निकाल अर्ध्या तासाच्या आत मिळतो, बेडका पडत नसला तरी अडत नाही. पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं होत नाही, आणि औषधांना दाद न देणारा टीबी आहे का, हेही तिच्यातून कळत नाही. त्यासाठी सीबीनॅट हवीच.