बेडसोर टाळायचा तर रोज कातडी बघा, एअर बेडवर सोडू नका

घरात कुणाला पॅरालिसिस झाला किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं की पहिल्यांदा एअर बेड येतो, मोटर सुरू होते आणि घरच्यांना वाटतं बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, काळजी मिटली. एअर बेडचा उपयोग होतोच, पण पेशंटला कुशीवर वळवणं काही त्याने सुटत नाही, आणि हे डिस्चार्ज देतानाच घरच्यांना नीट समजावून सांगायला हवं.

होतं काय, तर केशवाहिन्यांमधला, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांमधला, दाब फार थोडा, साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. माकडहाड, खुबा, टाच इथे हाडावर मांस कमी, त्यामुळे तिथे गादीचा दाब त्याहून बराच जास्त पडतो आणि रक्त अडतं. आपण झोपेत आपोआप कूस बदलतो, पेशंटला ते जमत नाही. त्यात स्नायूला कातडीपेक्षा लवकर इजा होते, म्हणून कित्येकदा आत हाडाजवळ नुकसान सुरू झालेलं असतं आणि वर नुसता लालसर डाग दिसतो. तो बोटाने दाबायचा, पांढरा पडून परत लाल झाला तर रक्त फिरतंय, लालच राहिला तर बेडसोरची पहिली स्टेज. सावळ्या कातडीवर ही लाली पटकन कळतच नाही, म्हणून अंग पुसताना हात फिरवून बघायचं, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागतेय का.

इंग्लंडमध्ये 1944 साली डॉ. लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये मणक्याला इजा झालेल्या पेशंटचा वॉर्ड सुरू केला. तेव्हा असे पेशंट बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शननेच दगावायचे. गुटमाननी रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायचा नियम केला. आजही सुरुवात तिथूनच करतात, मग कातडी बघून वेळ कमीजास्त.

वळवताना पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्यावर येतो, पाठीमागे उशी लावून 30 अंश पुरे. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, दोघांनी खालच्या चादरीसकट उचला, कारण ओढल्याने आतले थर एकमेकांवर घासून पिळवटतात. पोटरीखाली उशी ठेवली की टाच अधांतरी राहते. गोल रिंग नको, तिच्या कडेने रक्त अडतं. लाल जागा तेल लावून चोळणं तर अजिबात नको, प्रेमाने करतात पण आतली इजा वाढते. डायपर ओला राहू देऊ नका.

आयसीयूत वेगळीच गोष्ट, तिथे बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) मास्क नाकाच्या हाडावर आणि ऑक्सिजनची नळी कानामागे जखम करते, म्हणून सिस्टर त्याखालची कातडीही तपासतात. व्हीलचेअरवर तर दोन तास फारच झाले, दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर जोर देऊन बूड उचलायचं.

आणि नुसत्या पेजेवर ठेवू नका हो. किडनीचा त्रास नसेल तर धोका असलेल्या पेशंटला दिवसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 50 किलोच्या आजीला 60 ग्रॅमच्या वर, त्यामुळे अंडं, दूध, पनीर, घट्ट वरण यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच.