आधी बाजार ठरवा, मग ब्रोकर: नाशिककरांसाठी डीमॅट-ट्रेडिंग खात्याची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

डीमॅट खातं (शेअर डिजिटल रूपात ठेवायचं खातं) उघडायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कुठलं अ‍ॅप घेऊ?" सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत हाच प्रश्न, कॉलेज रोडवरच्या कट्ट्यांवरही हाच. उत्तर देणारा स्वतः जे वापरतो तेच सांगतो. माझ्या मते प्रश्न एक पायरी मागून सुरू करायला हवा. व्यवहार कुठल्या बाजारात करायचा हे ठरलं की ब्रोकरची यादी आपोआप लहान होते. अर्जात कुठल्या रकान्यावर टिक करायची आणि कुठला कागद जोडायचा, हेही त्यावरूनच ठरतं.

कुठला बाजार हवा?

शेअरचे व्यवहार मुख्यतः एनएसई आणि बीएसई या दोन एक्स्चेंजवर होतात. झिरोधा, ग्रो, अपस्टॉक्स, एंजल वन ही अ‍ॅपवाली मंडळी घ्या, नाहीतर आयसीआयसीआय डायरेक्ट, एचडीएफसी सिक्युरिटीज, कोटक सिक्युरिटीज ही बँकांच्या घरातली नावं घ्या. शेअर, ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) आणि आयपीओ (कंपनीची पहिली शेअरविक्री) एवढंच हवं असेल तर बाजाराच्या बाबतीत यांच्यात फारसं डावं-उजवं नाही. फरक सुरू होतो कमोडिटीपासून.

सोनं, चांदी, कच्चं तेल, तांबं यांचे वायदे (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घेण्या-देण्याचे करार) एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर चालतात आणि शेतमालाचे मुख्यतः एनसीडीईएक्सवर. बऱ्याच अ‍ॅपवर एमसीएक्स असतं, एनसीडीईएक्स नसतं. हळदीचा किंवा जिऱ्याचा वायदा हवा असेल तर हे आधीच विचारून घ्या. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि व्यापारी दोघंही विचारतात म्हणून स्पष्ट लिहितो: कांद्याचा वायदा या एक्स्चेंजवर होत नाही, द्राक्षाचाही होत नाही. लासलगावचा जो भाव मोबाइलवर दिसतो तो बाजार समितीतल्या लिलावाचा. "कांद्यात ऑनलाइन ट्रेडिंग करून देतो" असं सांगणारा माणूस सेबी या बाजार नियामकाच्या चौकटीबाहेरचा आहे, त्याच्याकडे एक रुपयाही देऊ नका. सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांच्या वायद्यांना सेबीने डिसेंबर 2021 मध्ये स्थगिती दिली आणि नंतर तिची मुदत वाढवत नेली. त्यामुळे केवळ सोयाबीनसाठी कमोडिटी विभाग उघडण्याआधी तो वायदा चालू आहे का ते पाहा.

सोन्याचं वेगळं. एमसीएक्सवर 1 किलोच्या करारापासून 1 ग्रॅमच्या गोल्ड पेटलपर्यंत सगळे आकार आहेत. शेअर बाजार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30 चालतो. एमसीएक्सवर सोन्या-चांदीचे व्यवहार रात्री 11:30 पर्यंत चालतात, आणि हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की 11:55 पर्यंत. दिवसपाळी करून घरी आलेल्याला हे सोयीचं वाटतं, आणि तिथेच मला काळजी वाटते. वायदा म्हणजे थोडं मार्जिन (अनामत) भरून मोठ्या रकमेची जोखीम अंगावर घेणं. दिवसभराच्या थकव्यानंतर रात्री दहाला ते करू नये. मुलीच्या लग्नासाठी हळूहळू सोनं साठवायचं असेल तर गोल्ड ईटीएफ शेअरच्या साध्या खात्यातून घेता येतो, त्याला कमोडिटी विभाग लागत नाही.

फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल (शेअर आणि निर्देशांकांवरचे वायदे व पर्याय करार) एकच आकडा पुरे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर 100 वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 जण तोट्यात होते, असं सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात आहे.

चलनाच्या बाजारात सर्वसामान्य माणसाचं काम नाही. रुपयाचा समावेश असलेल्या चलन वायद्यांत ज्याची परकी चलनाची खरी देणी-घेणी आहेत त्यानेच उतरावं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 3 मे 2024 पासून काटेकोरपणे लागू झाला. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या दिंडोरी-निफाडच्या निर्यातदाराला युरो-रुपयाचा वायदा उपयोगी पडू शकतो, आपल्याला नाही. समाजमाध्यमांवर ज्या परदेशी 'फॉरेक्स' अ‍ॅपच्या जाहिराती येतात, त्यांतल्या अनेकांची नावं रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत आहेत. ती यादी बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

अमेरिकेतले शेअर घेता येतात. काही ब्रोकर परदेशी भागीदारामार्फत ती सोय देतात. पैसे मात्र आपल्या बँकेतून, एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात. माणशी मर्यादा एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर. वर्षभरात पाठवलेली रक्कम 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या भागावर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला कर) घेते. तो विवरणपत्र भरताना आपल्या करात वळता होतो. अमेरिकी कंपनीच्या लाभांशावर तिकडे 25 टक्के कर आधीच कापला जातो. या खात्याचा अर्ज वेगळा असतो.

प्लॅटफॉर्म कसा पारखायचा

दलालीचे तक्ते सगळे बघतात. मी आधी चार्टपेक्षा ऑर्डरची खिडकी बघतो. शेअर निवडून 'खरेदी' दाबलं की डिलिव्हरी (शेअर खात्यात घेणं) आणि इंट्राडे (त्याच दिवशी सौदा मिटवणं) हे पर्याय ठळक वेगळे दिसतात का? ऑर्डर पाठवण्याआधी सगळा खर्च मिळून एकूण रक्कम दिसते का? लिमिट (आपण ठरवलेल्या भावाची), स्टॉपलॉस (तोटा रोखणारी) आणि महिनोन्‌महिने थांबून राहणारी जीटीटी ऑर्डर देता येते का? घाईत डिलिव्हरीऐवजी इंट्राडे दाबलं गेलं, की दुपारी ब्रोकर तो सौदा आपणहून कापतो आणि घ्यायला गेलेला शेअर हाती राहत नाही. खिडकी स्वच्छ असेल तर हे टळतं.

मग नेटवर्क. गंगापूर रोडला काहीही चालतं, पण पेठ-सुरगाण्याकडे राहणाऱ्याने हलकं अ‍ॅप आणि ब्राउझरवरचं लॉगिन दोन्ही आहे का ते बघावं. अ‍ॅप बंद पडलं तर फोनवरून ऑर्डर देण्याची सोय आहे का, तिचं शुल्क किती, आणि तो नंबर अ‍ॅपच्या बाहेर कुठे मिळतो, हे खातं उघडायच्या आधी विचारा. बाजार पडत असताना हा नंबर शोधत बसायला वेळ नसतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी मराठीतून बोलणारा ग्राहक सेवा प्रतिनिधी मिळतो का, हेही माझ्या लेखी दोन-चार रुपयांच्या दलालीपेक्षा मोठं आहे.

खर्चाचं थोडक्यात. डिलिव्हरीवर खरेदी आणि विक्री दोन्हीकडे 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), खरेदीवर 0.015 टक्का मुद्रांक शुल्क, दलालीवर 18 टक्के जीएसटी. हे सरकारी दर असल्याने कुठेही गेलात तरी तेच. ब्रोकरागणिक बदलतात ते दलाली, वार्षिक देखभाल शुल्क आणि शेअर विकताना लागणारे डीपी चार्जेस. 1 सप्टेंबर 2024 पासून बेसिक सर्व्हिसेस या छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या डीमॅट खात्यात 4 लाख रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीला देखभाल शुल्क नाही, 4 ते 10 लाखांपर्यंत वर्षाला 100 रुपये. अट अशी की पहिला धारक म्हणून तुमच्या नावावर देशभरात एकच डीमॅट खातं हवं. 'बघू तरी' म्हणून तीन अ‍ॅपवर तीन खाती उघडणाऱ्याची ही सवलत जाते.

पात्रता

18 वर्षं पूर्ण, पॅन, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं एवढं पुरतं. किमान उत्पन्नाची अट नाही. पॅन आणि आधार एकमेकांशी जोडलेले असावेत. अज्ञान मुलाच्या नावाने पालक खातं उघडू शकतात, त्यासाठी जन्मदाखला लागतो. त्या खात्यात इंट्राडे किंवा वायदे करता येत नाहीत, आणि 18 वर्षं झाल्यावर केवायसी नव्याने करावी लागते.

सरकारी नोकरांनी आपले सेवानियम बघावेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला नियम 16 सट्ट्याला मनाई करतो आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री त्यात सट्टाच धरली जाते. राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांचे नियम वेगळे असतात. खातं उघडायला अडचण नाही, रोज उलाढाल करायला आहे.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

यादी छोटी आहे: पॅन, आधार (त्याला जोडलेला मोबाइल चालू हवा, कारण ई-साइनचा (ऑनलाइन सहीचा) ओटीपी तिथेच येतो), रद्द केलेला धनादेश किंवा बँक स्टेटमेंट, कोऱ्या पांढऱ्या कागदावरची सही. फ्युचर्स-ऑप्शन्स किंवा कमोडिटी हवं असेल तरच उत्पन्नाचा पुरावा लागतो: विवरणपत्राची पोच, फॉर्म 16, पगारपत्रक किंवा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट यांपैकी एक. विवरणपत्र न भरणाऱ्या शेतकऱ्याला बँक स्टेटमेंट देता येतं. पतसंस्थेतलं बचत खातं इथे जोडता येत नाही, बँकेचंच लागतं. सहकारी बँकेचं असेल तर ब्रोकरच्या पैसे भरण्याच्या यादीत ती बँक आहे का ते आधी बघा.

अर्ज अडकतात ते बहुतेक नावावर. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदललेलं. पंचवटीत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका ताईंचं पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि बँकेत मधलं नाव गाळून नुसतं पहिलं नाव व आडनाव. ब्रोकर बँक खातं तपासायला एक रुपया पाठवतो आणि बँकेकडून परत आलेलं नाव पॅनशी ताडून बघतो. तिथेच त्यांचा अर्ज थांबला. असं असेल तर अर्ज पुन:पुन्हा भरण्यात वेळ घालवू नका. महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा शासन राजपत्रातली नावबदलाची प्रत घेऊन आधी पॅन दुरुस्त करा, मग बँक, आणि शेवटी डीमॅट. हा क्रम उलटा झाला तर तीच धावपळ दोनदा होते.

अर्ज

आधी सेबीच्या संकेतस्थळावर ब्रोकरचा नोंदणी क्रमांक तपासा. स्टॉक ब्रोकरचा क्रमांक 'आयएनझेड' या अक्षरांनी सुरू होतो. शरणपूर रोडला किंवा नाशिक रोडला एखाद्या मोठ्या ब्रोकरची पाटी लावलेलं कार्यालय बहुधा त्याच्या अधिकृत व्यक्तीचं असतं, तिचंही नाव एक्स्चेंजच्या यादीत सापडायला हवं. पैसे त्या व्यक्तीच्या खात्यात कधीही भरायचे नाहीत, ते ब्रोकरच्याच खात्यात जातात. नोंदणीकृत ब्रोकरच्या यूपीआय आयडीत आता 'बीआरके' ही अक्षरं असतात आणि @ नंतर 'व्हॅलिड' व बँकेचं नाव येतं.

मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. जोडीदार, अवलंबून असलेली मुलं किंवा आई-वडील यांच्यासाठी एकच नंबर वापरता येतो, पण तसं घोषित करावं लागतं. पॅन टाकल्यावर जुनी केवायसी ती जपणाऱ्या केआरए संस्थेच्या नोंदीत सापडते. ती 'व्हॅलिडेटेड' असेल तर पुढचं काम झटपट होतं, 'ऑन होल्ड' दिसली तर आधी ती दुरुस्त करा. आधारचा तपशील डिजिलॉकरमधून येतो. मग व्यवसाय आणि उत्पन्नगट.

यानंतर विभाग निवडण्याचं पान येतं, तिथे थांबा. इक्विटीसोबत फ्युचर्स-ऑप्शन्स, चलन, कमोडिटी या रकान्यांवर काही ठिकाणी आधीच टिक केलेली असते. नको ते सगळं काढा. नंतर हवं झालं तर त्याच खात्यात विभाग वाढवता येतो.

पुढे बँक तपशील, सही आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवणं. यासाठी फोनचं लोकेशन चालू लागतं, आणि तुम्ही त्या वेळी भारतात असायला हवं. वारसदार 10 जणांपर्यंत नेमता येतात, वाटा टक्केवारीत लिहायचा. वारसदार नको असं नोंदवण्याचाही पर्याय आहे, पण कृपा करून तो घेऊ नका. मागे राहिलेल्या माणसांची कोर्टकचेरी एका रकान्याने वाचते. शेवटी आधार ओटीपीने ई-साइन. डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढायचा अधिकार ब्रोकरला देणारा कागद, ऐच्छिक आहे. दिलं तर शेअर विकताना दर वेळी टी-पिन आणि ओटीपीची गरज पडत नाही, न देताही खातं चालतं.

जोडनावाचं खातं हवं असेल किंवा आजोबांच्या ट्रंकेतली कागदी शेअर प्रमाणपत्रं डीमॅट करायची असतील, तर बहुधा छापील अर्जच भरावा लागतो. अशा वेळी शहरात शाखा असलेला ब्रोकर किंवा बँक बरी. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअरचं हस्तांतरण बंद आहे, म्हणून ते काम लांबवू नका.

खातं सुरू झाल्यावर

पहिला सौदा छोटा, डिलिव्हरीचा करा. सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट (अधिकृत पावती) 24 तासांत ईमेलवर येते, एक्स्चेंजचा एसएमएस वेगळा येतो, आणि सौद्यानंतरच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये जमा होतात. ते ब्रोकरच्या अ‍ॅपवर न बघता सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या लॉगिनमधून एकदा बघून घ्या.

काही बिनसलं तर आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानेही समाधान झालं नाही तर स्मार्ट ओडीआर हे ऑनलाइन तंटा-निवारण पोर्टल. सेबीची मोफत मदतवाहिनी 1800 266 7575 आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर मात्र या पायऱ्यांची वाट न बघता त्याच तासात 1930 ला फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.