इन्सुलेशनलाही वय असते: केबलच्या आत वाढणाऱ्या झाडांची पार्श्वभूमी

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी समुद्राखालची तार सुरू झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांना गेला. मजकूर जेमतेम शंभर शब्दांचा, पण तो पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. सप्टेंबर उजाडेपर्यंत तार मुकी झाली होती. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मुळात ब्रायटनचा शल्यविशारद. सिग्नल क्षीण येतो म्हणून त्याने पाच-पाच फुटी इंडक्शन कॉइल लावून तारेवर सुमारे २००० व्होल्ट चढवले होते. साहजिकच खापर त्याच्या माथी फुटले आणि नोकरीही गेली.

व्हाइटहाउसचे चुकलेच, पण तार आधीपासूनच धड नव्हती. तांब्याच्या तारेवरचे आवरण, म्हणजे वीज बाहेर निसटू न देणारे इन्सुलेशन, होते गटापार्चाचे, म्हणजे मलायातल्या एका झाडाच्या चिकाचे. तयार केबल काही काळ उन्हात पडून राहिली, आवरण मऊ पडले आणि आतली तार ठिकठिकाणी एका बाजूला सरकली. जिथे आवरण पातळ राहिले तिथेच पुढे घात झाला. आजही केबल उडाली की वीज कंपनी म्हणते माल खराब होता आणि माल देणारा म्हणतो व्होल्टेज जास्त आले. बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते. जादा व्होल्टेज आधीपासून असलेली कमजोर जागा तेवढी हुडकून काढते.

यानंतर लगेचच सुएझ-एडन-कराची ही तांबड्या समुद्रातली तारही बुडीत खाती गेली. त्यात ब्रिटिश सरकारची हमी अडकलेली असल्याने आता मात्र चौकशी समिती बसली. १८६१ च्या तिच्या अहवालाने आवरणाची जाडी, तारेचे मधोमध असणे, पाण्यात बुडवून चाचणी घेणे अशा गोष्टींना शिस्त लावली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली तेव्हा त्या शिस्तीचे फळ दिसले. समुद्रतळाच्या थंड अंधारात गटापार्चा अनेक दशके टिकतो. त्याला हवा आणि ऊन सोसत नाही, तो ठिसूळ होऊन भुगा होतो. मात्र तारायंत्राला लागणारे व्होल्टेज किरकोळ होते. आवरणाचा खरा कस वीजपुरवठा सुरू झाल्यावर लागला.

लंडनजवळच्या डेप्टफर्डहून शहरात १०,००० व्होल्टने वीज नेण्याचा घाट सेबास्टियन द फेरांटी या विशीतल्या इंजिनिअरने घातला. विकतची केबल टिकेना, म्हणून त्याने स्वतःच केबल घडवली: तांब्याची एक नळी दुसऱ्या नळीत, आणि मध्ये ओझोकेराइट मेणात भिजवलेला साधा तपकिरी कागद. एकेक तुकडा वीस फुटांचा, त्यामुळे जॉइंटच जॉइंट. सरकारी अधिकाऱ्यांना भीती वाटत होती, तेव्हा चालू केबलवर छिन्नी ठोकून दाखवली गेली. छिन्नी धरायला त्याचा सहायक उभा होता. बाहेरची नळी जमिनीला जोडलेली असल्याने त्याला काही झाले नाही. त्या सहायकाची आदल्या रात्री झोप कशी झाली असेल, ते इतिहासाने नोंदवलेले नाही. १८९१ च्या सुमारास सुरू झालेल्या या केबलचे काही भाग १९३० च्या दशकापर्यंत वापरात होते.

कागदाने पुढची साठ-सत्तर वर्षे राज्य केले. मेणाच्या जागी तेल आले, बाहेर शिशाचे कवच आले. पहिल्या महायुद्धानंतर ३३ केव्ही (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) आणि त्याहून वरच्या केबल टाकल्या जाऊ लागल्या आणि एक विचित्र प्रकार समोर आला. कारखान्यातली चाचणी केबल आरामात पास होई, आणि काही वर्षांनी नेहमीच्याच व्होल्टेजला पंक्चर होई. उघडून पाहिले की कागदाच्या थरांमध्ये मेणासारखा चिकट पदार्थ जमलेला दिसे आणि कागदावर काजळीच्या, नेच्याच्या पानासारख्या फांद्या उमटलेल्या असत.

कारण उष्णतेत होते. दिवसा लोड वाढला की तेल फुगते आणि शिशाच्या कवचाला ताणते. रात्री केबल थंड होते, तेल आकसते, पण शिसे मऊ धातू असल्याने ते पुन्हा पूर्वीच्या मापावर येत नाही. आत बारीक पोकळ्या राहतात. तेलकागदापेक्षा पोकळीतल्या वायूवर विद्युत ताण जास्त पडतो आणि वायूची सहनशक्ती मात्र कमी असते. परिणामी दर सायकलला त्या पोकळीत ठिणगी पडते. आख्खी केबल फुटत नाही, फक्त ती पोकळी फुटते आणि लगेच सावरते. सेकंदाला पन्नास सायकल, वर्षानुवर्षे. आज तिला पार्शियल डिस्चार्ज, बोलण्यात नुसते पीडी म्हणतात. ठिणगीने तेलाचे मेण होते, कागद जळतो आणि वाट पुढे सरकत राहते.

पोकळ्यांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पोकळी जितकी बारीक तितकी ती धोकादायक, हे खरे नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये मांडलेल्या नियमावरून दिसते की अंतर अगदी कमी झाले की हवा प्रति मिलिमीटर जास्त ताण सोसते, आणि साध्या हवेत सुमारे ३३० व्होल्टच्या खाली ठिणगी पडतच नाही, अंतर कितीही असो. म्हणून ११ केव्हीच्या केबलमधली तीस-चाळीस मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोकळी गप्प बसते आणि तेवढीच पोकळी २२० केव्हीच्या केबलचा जीव घेऊ शकते. पहिलीत दर मिलिमीटरला सरासरी दोनेक हजार व्होल्टचा ताण असतो, दुसरीत तांब्याजवळ तो दहा हजारांच्या आसपास जातो.

तेलकागदाच्या केबलवरचा उपाय इटलीतल्या पिरेली कंपनीच्या लुइजी एमानुएलीने काढला. तांब्याच्या मधोमध पोकळ नळी ठेवायची, तिच्यात पातळ तेल भरायचे आणि ते वाटेतल्या टाक्यांना जोडायचे. केबल तापली की जादा तेल टाकीत जाते, थंड झाली की परत येते, पोकळी तयार व्हायला जागाच उरत नाही. १९२७ मध्ये शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये १३२ केव्हीच्या अशा केबल पडल्या. या विषयातली ही मला सर्वांत देखणी युक्ती वाटते, कारण इथे इन्सुलेशन जाड करण्याच्या भरीस न पडता रोगाचे मूळच काढून टाकले.

याच काळात हिशेबाची रीतही बदलली. एखादा पदार्थ अमुक व्होल्टला फुटतो असे म्हणणे अपुरे आहे, तो अमुक व्होल्टला किती काळ टिकतो हे सांगायला हवे, असा विचार रुजला. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत अमेरिकेत माँटसिंगरने १९३० मध्ये आडाखा दिला की तापमान साधारण ८ अंशांनी वाढले की कागदाचे आयुष्य निम्मे होते. विद्युत ताणासाठी घातांकाचा नियम रूढ झाला: ताण जितक्या पटीने वाढतो, त्या पटीच्या ठरावीक घाताइतके आयुष्य घटते. घातांक १० धरला, तर व्होल्टेज दुप्पट केल्यावर आयुष्य हजारपटीहून जास्त घटते. नियम पूर्णपणे अनुभवातून आलेला, त्यामागे पक्के भौतिकशास्त्र नाही. तरी सगळा उद्योग त्यावर चालतो.

मग आले प्लास्टिक. २७ मार्च १९३३ ला इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथल्या आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना उच्च दाबाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा मेणचट पदार्थ सापडला. ते पॉलिथीन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलसाठी वापरले गेले. पुढे त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडून एक्सएलपीई बनवले गेले. ते कायम ९० अंशांना चालते. तेल नको, टाक्या नकोत, शिसे नको, आणि जॉइंट मारायला कागदाइतका मुरलेला हातही लागत नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात नव्या वसाहतींमध्ये पॉलिथीन आणि एक्सएलपीई केबल मैलोन्मैल जमिनीत गाडल्या गेल्या. तीस-चाळीस वर्षे बघायला नको, असा भरवसा होता. पैसे वाचवायला बाहेरचे कवचही वगळले होते. इन्सुलेशनवरून गुंडाळलेल्या परतीच्या तांब्याच्या तारा उघड्याच, थेट मातीत. दहा वर्षेही झाली नाहीत तोच फॉल्ट सुरू झाले.

१९६९ मध्ये जपानच्या मियाशिताने पाण्यात बुडवलेल्या पॉलिथीनच्या वायरमधल्या एका नव्या प्रकारच्या इजेबद्दल लिहिले होते. काही वर्षांत अमेरिकेतल्या जमिनीतून उकरलेल्या केबलमध्येही तीच सापडली. तिला वॉटर ट्री, पाण्याचे झाड, म्हणतात. ते पाहायचे कसे, तर खराब झालेल्या केबलच्या इन्सुलेशनचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे काप काढतात, ते मिथिलीन ब्लूच्या द्रावणात गरम करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. स्वच्छ दुधी पार्श्वभूमीवर निळी झुडपे दिसतात. काही तांब्याकडच्या किंवा बाहेरच्या काळ्या थरापासून (इन्सुलेशनच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या अर्धवाहक थरापासून) निघून आत फोफावलेली असतात. काही मधल्याच एखाद्या धुळीच्या कणापासून दोन्ही बाजूंना पसरून बो-टायच्या आकाराची झालेली असतात. रंग न देता काप वाळू दिला तर झाड नाहीसे होते, गरम पाण्यात उकळले की परत येते. म्हणजे त्यात पोकळ नळ्या नसतात. ती असते पाण्याने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांची आणि रासायनिकदृष्ट्या बदललेल्या, पाण्याला जवळ करणाऱ्या प्लास्टिकची वाट. ती वाढायला मिलिमीटरला एक-दोन हजार व्होल्ट पुरतात, जे ११ किंवा २२ केव्हीच्या केबलमध्ये रोजचेच. शिवाय वाढताना ती पीडीसुद्धा करत नाही, त्यामुळे पीडी मोजणाऱ्या यंत्रापुढे ती साळसूद.

शेवट मात्र झटक्यात होतो. वीज पडून किंवा स्विच टाकताना एखादा सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, येतो, पाण्याच्या झाडाच्या टोकाशी खरीखुरी ठिणगी पडते आणि तिथून विजेचे झाड फुटते. त्याच्या फांद्या मात्र जळालेल्या आणि खरोखर पोकळ असतात. त्यांचे रूप जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्गने १७७७ मध्ये ग्योटिंगेनला राळेच्या धुळीत पाहिलेल्या आकृत्यांच्या जातीचे. ते फुटले की उरलेले आयुष्य अनेकदा तासांत किंवा दिवसांत मोजायचे. वळवाच्या विजा कडाडल्या आणि मागोमाग चर पाण्याने भरले की फॉल्टची गाडी धावत सुटते, त्यामागे हेही एक कारण आहे. केबल त्या दिवशी गेलेली दिसते, तयारी दहा वर्षांची असते.

पाणी आत कसे शिरते? ड्रमवर पडून असलेल्या केबलच्या टोकाची टोपी निघालेली असते आणि पाऊस तारांच्या पेडांमधून आत ओढला जातो. जॉइंट मारताना हात आणि टेप ओले असतात. रस्ता खोदताना बाहेरचे पीव्हीसी सोलवटते आणि कोणी सांगत नाही. आपल्याकडे केबलचे वय विचारताना ती कधी टाकली यापेक्षा तिच्या आसपास किती वेळा जेसीबी फिरला, हे आधी विचारावे.

कारखान्यांनी आपली बाजू सुधारली. पूर्वी एक्सएलपीई वाफेत पक्के करत, त्यात ओलावा आणि असंख्य बारीक पोकळ्या राहत. आता ते कोरड्या नायट्रोजनमध्ये होते. कापडी काळ्या टेपऐवजी आतला काळा थर, इन्सुलेशन आणि बाहेरचा काळा थर एकाच वेळी, एकाच तोंडातून काढले जातात. १९८० च्या दशकात झाडांची वाढ रोखणारे खास मिश्रण अमेरिकेत बाजारात आले. बाहेरचे कवच परत आले.

चाचणीची सवय सुटायला मात्र वेळ लागला. १८८९ पासून एव्हरशेडचे आणि पुढे 'मेगर' नावाने घरोघरीच्या वायरमनपर्यंत पोहोचलेले यंत्र इन्सुलेशनचा रोध दाखवते, पण पाण्याच्या झाडाने निम्मी पोखरलेली केबलही मेगरवर उत्तम आकडा देऊ शकते. कागदी केबलसाठी मोठ्या डीसी व्होल्टेजची चाचणी रूढ होती, तीच जुन्या एक्सएलपीईवर केली गेली. डीसीखाली झाडांच्या टोकांशी प्लास्टिकमध्ये विद्युतभार अडकून राहतो. केबल पास होते, मग एसी सुरू केल्यावर तो अडकलेला भार आणि नवा ताण एकत्र येऊन ती काही दिवसांत जाते. चाचणीनेच मारले, हे मान्य व्हायला १९९० चे दशक उजाडले. आता ०.१ हर्ट्झचा अगदी संथ एसी वापरतात. ५० हर्ट्झच्या तुलनेत तो केबल चार्ज करायला पाचशेपट कमी करंट मागतो, म्हणून यंत्र व्हॅनमध्ये मावते. जोडीला टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये किती वीज उष्णता होऊन वाया जाते याचे माप, मोजला की केबल किती भिजली आहे त्याचा अंदाज येतो.

डीसीमधल्या अडकलेल्या भाराचा प्रश्न आता वेगळ्या रूपात समोर आहे, कारण खुद्द डीसीनेच वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिक केबल आल्या आहेत. स्वीडनमधल्या गॉटलंड बेटाला १९५४ मध्ये १०० केव्हीची तेलकागदी डीसी केबल गेली आणि १९९९ मध्ये ८० केव्हीची प्लास्टिकची. भारतात पुगलूर ते त्रिशूर या ±३२० केव्हीच्या मार्गाचा केरळमधला काही भाग अशा भूमिगत केबलचा आहे, आणि मुंबईसाठी कुडूस ते आरे हा त्याच व्होल्टेजचा दुवा हाती घेतला गेला. या केबलकडून चाळीस वर्षांची अपेक्षा असते, आणि ±३२० केव्हीच्या प्लास्टिक डीसी केबलला चाळीस वर्षे झालेली जगात कुठेच नाहीत. म्हणून सिग्रे या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार नवी केबल ३६० दिवस नेहमीच्या १.४५ पट व्होल्टेजवर चालवून पाहतात. घातांक १० धरला, तर १.४५ चा दहावा घात येतो ४१, म्हणजे एका वर्षात एक्केचाळीस वर्षांची झीज. घातांक ८ निघाला, तर तीच चाचणी एकोणीस-वीस वर्षांचीच हमी देते.