टूर्निके बांधला म्हणजे पाय गेलाच, असं नाही

लष्करी वैद्यकीय पथकं परदेशी मित्रसैन्याच्या जवानांना प्रथमोपचार शिकवायला जातात, तेव्हा एक जुनी समजूत हमखास आडवी येते: टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, बांधला की तो हात किंवा पाय कापावाच लागतो. म्हणून तो अगदी शेवटी वापरायचा.

ही समजूत जीवघेणी आहे. मांडीची मुख्य धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. मग ‘शेवटी’ कधी येणार?

भीती आली जुन्या युद्धांतून. तेव्हा जखमींना शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला तासन्‌तास लागत, पट्टे तसेच राहत आणि पाय निकामी होत. दोष उशिराचा, पण नाव पट्ट्याचं खराब झालं. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकांनी मांडलेल्या युद्धभूमी-उपचारपद्धतीने त्याला पुन्हा पुढे आणलं. इराक युद्धातल्या अनुभवातूनही दिसलं की दोन तासांच्या आत सोडलेल्या पट्ट्यामुळे अवयव गमावण्याची वेळ क्वचितच येते.

सरावात हात कुठे चुकतो, ते बघा. जखमी कळवळतो, म्हणून शिकाऊ जवान पट्टा आवळणारी दांडी अर्ध्यावर पिरगळून थांबतो. असा सैल पट्टा जास्त वाईट: शिरा दबतात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव वाढतो. दुखणारच. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. आणि पट्टा बांधल्याची वेळ ठळक लिहायची.

मात्र युक्रेनमध्ये जखमी बाहेर काढायला फार उशीर होतो, तिथे तासन्‌तास राहिलेल्या पट्ट्यांनी अवयव खरोखर गेले आहेत. म्हणून पट्टा अजून लागतो का, हे दोन तासांच्या आत तपासणं आणि जमेल तिथे दाबपट्टीवर येणं, हेही प्रशिक्षित वैद्यकसहायकाला शिकवावंच लागतं.