नियम बदलणे हीच चाल

‘नॉमिक’ हा खेळ पहिल्यांदा छापून आला तो जून १९८२ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सदरात. खेळ रचला होता पीटर सूबर यांनी. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी अर्लम नावाचे कॉलेज आहे, तिथे ते तत्त्वज्ञान शिकवत. ग्रीक भाषेत ‘नोमोस’ म्हणजे कायदा. खेळाचे नाव त्यावरून. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक फासा, एक वही आणि २९ नियम, एवढेच साहित्य. आपली पाळी आली की भिडूने नियम बदलण्याचा एक ठराव मांडायचा, तो वहीत लिहायचा, सगळ्यांनी मत द्यायचे. ठराव मंजूर झाला की त्या क्षणापासून खेळ नव्या नियमाने पुढे चालू.

हे वाचून कोणालाही वाटेल की सुट्टीत वेळ घालवण्यासाठी कोणीतरी ही शक्कल काढली असावी. खरे तर सूबर एका पुस्तकात गुंतले होते आणि हा खेळ त्या पुस्तकाचे परिशिष्ट आहे. पुस्तक १९९० मध्ये आले. विषय होता कायद्याच्या अभ्यासकांना छळणारा एक पेच: घटनादुरुस्तीच्या कलमालाच त्या कलमाच्या आधारे दुरुस्त करता येते का?

हा पेच सर्वांत नेटका मांडला तो डेन्मार्कचे कायदेपंडित आल्फ रॉस यांनी, १९६९ साली, ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात. त्यांच्या डोळ्यांपुढे होती आपल्या देशाची १९५३ ची राज्यघटना. तिच्या कलम ८८ मध्ये दुरुस्तीची रीत सांगितली आहे. आधी संसदेने दुरुस्ती मंजूर करायची. मग निवडणूक. नव्या संसदेने तीच दुरुस्ती जशीच्या तशी पुन्हा मंजूर करायची. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सार्वमत, आणि त्यात बहुमत तर हवेच, शिवाय एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्के लोकांनी बाजूने मत दिलेले हवे. आता समजा, देशाला ही ४० टक्क्यांची अट जड वाटली आणि ती खाली आणायची आहे. म्हणजे कलम ८८ बदलायचे, आणि तेही कलम ८८ च्याच वाटेने जाऊन.

खरी गोम इथे आहे. कलम ८८ सांगते की घटना फक्त याच रीतीने बदलता येईल. ती रीत काटेकोरपणे पाळली आणि हाती काय आले, तर घटना यापुढे वेगळ्या रीतीने बदलता येईल. म्हणजे ज्या वाक्याच्या जोरावर आपण निष्कर्ष काढला, त्याच वाक्याला निष्कर्ष खोटे पाडतो. तर्कशास्त्राच्या वर्गात असे अनुमान फळ्यावरून पुसून टाकतील. रॉस यांनी यातून वाट काढली ती अशी: घटनेच्या मागे एक न लिहिलेला नियम असतो. कलम ८८ ने नेमलेल्या सत्तेचे ऐका, आणि तिने आपला वारस नेमला की त्याचे ऐका. हा न लिहिलेला नियम मात्र कोणत्याही कायदेशीर रीतीने बदलता येणार नाही.

सूबर यांना हे पटले नाही. जगभर दुरुस्तीची कलमे त्याच कलमांच्या आधारे दुरुस्त होत आली आहेत, न्यायालयांनी ती मानली आहेत, लोकांनीही मानली आहेत. तर्काला जे अशक्य वाटते ते कायदा रोज करतो. मग कायद्याला वैधता येते कुठून? सूबर यांचे उत्तर आहे, लोकांच्या स्वीकारातून. नियम बदलल्यावर लोक तो नियम म्हणून पाळू लागले, की तो नियम झाला. मला हे उत्तर महत्त्वाचे वाटते, कारण ते कायद्याचे ओझे कागदावरून उचलून माणसांच्या खांद्यावर ठेवते. आणि ते पाहायचे तर पुस्तकातली शेकडो पाने पुरत नाहीत, चार माणसांनी टेबलाभोवती बसावे लागते. खेळाची गरज म्हणून पडली.

२९ नियमांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. १०१ ते ११६ हे सोळा नियम पक्के, २०१ ते २१३ हे तेरा कच्चे. पक्के आणि कच्चे यांच्यात झगडा झाला तर पक्क्याची सरशी. पण ‘पक्का’ म्हणजे अमर नव्हे. पक्का नियम आधी कच्चा करून घ्यायचा, त्यासाठी सर्वांचे एकमत हवे; एकदा कच्चा झाला की मग इतर नियमांसारखा तोही बदलता येतो. आणि ज्या नियमाने एकमताची ही अट घातली, तो १०९ क्रमांकाचा नियमसुद्धा याच वाटेने कच्चा करता येतो.

ही दुपदरी रचना हवेतून आलेली नाही. अमेरिकेच्या घटनेचे पाचवे कलम समोर ठेवा. दुरुस्ती सुचवायला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ती पक्की करायला तीन-चतुर्थांश राज्यांची संमती, ही नेहमीची वाट. पण त्याच कलमात दोन खुंट्या जास्त घट्ट ठोकल्या आहेत. एक, गुलामांच्या आयातीला संरक्षण देणारी तरतूद १८०८ पर्यंत बदलायची नाही. दुसरी, कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान मताचा हक्क त्या राज्याच्या संमतीशिवाय काढून घ्यायचा नाही. पहिली अट मुदत संपल्यावर आपोआप निकालात निघाली. दुसरी आजही आहे, आणि तिच्याभोवती वकील मंडळी शब्दाचा कीस काढत असतात: ही अट सांगणारे वाक्यच एका दुरुस्तीने आधी काढून टाकले आणि मग दुसऱ्या दुरुस्तीने सिनेटला हात घातला तर? नॉमिकमध्ये हा प्रश्न तासाभरात ऐरणीवर येतो.

मुदतीने संपणाऱ्या नियमाचा नमुनाही खेळात आहे. नियम २०३ म्हणतो, ठराव मंजूर व्हायला सर्वांचे एकमत हवे. पण प्रत्येकाच्या दोन पाळ्या होईपर्यंत हा नियम कोणी बदलला नाही तर तो आपोआप साध्या बहुमतावर येतो. अर्लम हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी स्थापन केलेले कॉलेज आहे आणि मतदान न घेता सर्वांच्या सहमतीने निर्णय करण्याची त्या पंथाची परंपरा आहे, हे वाचल्यापासून २०३ क्रमांकाचा नियम मी वेगळ्या नजरेने वाचतो.

गुणांचा हिशेब असा. ठराव पडला तर मांडणाऱ्याचे दहा गुण वजा. पाळीच्या शेवटी फासा टाकायचा, पडेल ते दान जमा. १०० गुण आधी गाठेल तो जिंकला. फाशाचा हा भाग इतका रटाळ आहे की तो बदलायला भिडूंचे हात शिवशिवतातच. आणि एक मेख: एकमताची अट गेल्यावर, मंजूर झालेल्या ठरावाच्या विरोधात ज्याने मत दिले असेल त्याला दहा गुण. हरलेल्या बाजूला मिळणारी ही भरपाई.

या मेखेची ताकद मला कळली ती गेल्या दिवाळीत, ताईच्या घरी. सापशिडीच्या डब्यातला फासा, शंभर पानी वही, आणि बसण्याचा क्रम भाची, दाजी, ताई, मी. भाचीने ठराव क्रमांक ३०१ मांडला (ठरावांची मोजणी ३०१ पासूनच सुरू होते): सहा पडले की पुन्हा फासा टाकायचा. दाजींनी नाही म्हटले, कारण ठराव लागू झाला असता तर पहिला फायदा तिलाच होता. ठराव पडला, दहा वजा, फाशावर चार. खेळाच्या पहिल्याच पाळीत तिच्या नावापुढे उणे सहा. मग तिने दाजींचा ठराव पाडला, ताईने माझा पाडला, आणि आठ पाळ्या संपल्या तेव्हा चौघेही शून्याखाली होतो. त्या क्षणी कोणी हात वर न करता, कोणी काही न बोलता २०३ बदलला. आता चारांपैकी तीन मते पुरेशी होती.

भाचीने तोच ठराव पुन्हा मांडला, क्रमांक ३०९. आम्ही मते चिठ्ठ्यांवर लिहून एकदम उघडत होतो. भाची आणि दाजी बाजूने. ताई आणि मी विरोधात, दोघांच्याही मनात एकच हिशेब की बाकीचे तिघे ठराव मंजूर करतील आणि विरोधाचे दहा गुण आपल्याला मिळतील. दोन विरुद्ध दोन. ठराव पडला, आम्हाला एकही गुण नाही, भाचीचे आणखी दहा गेले.

ती उसळलीच. म्हणाली, चिठ्ठ्यांचे कोणत्या नियमात लिहिले आहे? मतदानच बाद! खेळात वाद झाला तर ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा भिडू न्यायाधीश होतो. तिच्या आधीचा भिडू मी. म्हणजे ज्या मतदानात मी तिच्या विरोधात मत दिले, त्याचाच निवाडा मला करायचा होता, आणि याला नियमांत काहीही आडकाठी नाही. नियम ११६ सांगतो की ज्याला मनाई नाही ते चालते. नियम २१२ सांगतो की नियम गप्प असतील तेव्हा न्यायाधीशाने आधी खेळात पडलेला प्रघात आणि खेळाचा भाव पाहावा. आठ मतदाने चिठ्ठ्यांवर झाली होती आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. मी मतदान वैध ठरवले. न्यायाधीशाचा निर्णय फिरवायला बाकी सर्वांचे एकमत लागते. दाजी लेकीच्या बाजूने गेले, ताई गेली नाही. निवाडा टिकला. त्यानंतर जेवायला बसेपर्यंत भाची माझ्याशी बोलली नाही. नवव्या वेळेपर्यंत चिठ्ठ्यांना आम्ही चौघांनी मान्यता दिली ती वापरूनच, कुठेही न लिहिता. सूबर ज्याला स्वीकार म्हणतात तो याहून जवळून मी पाहिलेला नाही.

पक्क्या नियमांतला ११५ क्रमांकाचा नियम मात्र सगळ्या रचनेचा कणा आहे. नियम बदलण्यासाठी लागणारे नियमही इतरांसारखेच बदलता येतात. इतकेच नव्हे, जो बदल आपल्याच अधिकाराच्या मुळावर येतो तोही चालेल. केवळ स्वतःकडे बोट दाखवतो म्हणून कोणताही बदल बाद होणार नाही. रॉस यांना दिलेले हे थेट उत्तर आहे.

भारतीय वाचकाला इथे थांबावेच लागते, कारण हाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि उत्तर उलटे मिळाले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जेफरसनचा दाखला दिला होता: प्रत्येक पिढी म्हणजे एक स्वतंत्र राष्ट्र, तिने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. म्हणूनच आपल्या घटनेवर अंतिमतेची मोहोर मारलेली नाही, दुरुस्तीची वाट सोपी ठेवली आहे, असे ते सांगत होते. ती वाट म्हणजे कलम ३६८. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावायला संसदेला मज्जाव केला, तेव्हा संसदेने १९७१ मध्ये चोविसाव्या दुरुस्तीने कलम ३६८ च बदलले. आधी त्या कलमाचा मथळा फक्त दुरुस्तीच्या कार्यपद्धतीबद्दल बोलत होता, आता संसदेचा अधिकारही मथळ्यात आला. मग आला केशवानंद भारती खटला. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, एका बाजूला नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचे. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला: संसद कोणतेही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

आणीबाणीत, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३६८ मध्ये दोन पोटकलमे घातली गेली. दुरुस्ती करण्याच्या संसदेच्या अधिकाराला कोणतीही मर्यादा नाही, आणि कोणत्याही दुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. नॉमिकच्या ११५ व्या नियमाने हे सहज चालले असते. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोटकलमे रद्द केली. कारण असे दिले: ज्याला मर्यादित अधिकार मिळाला आहे त्याला तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करता येणार नाही, दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणे हाच चौकटीचा भाग आहे. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. जन्माने पुण्याचे. १९७३ मध्ये ते सहांच्या बाजूला होते. केशवानंदचा निकाल त्यांना पटला नव्हता, पण सात वर्षांनी तो देशाचा कायदा झालेला होता आणि त्यांनी तो कायदा म्हणूनच पुढे नेला. या घटनेकडे मी फार आदराने पाहतो.

खेळाचे पुढचे आयुष्य इंटरनेटवर गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नॉमिक वर्ल्ड’ नावाचा मोठा खेळ संगणकावर रंगला. तिथल्या खेळाडूंपैकी काहींनी ३० जून १९९३ रोजी ‘अगोरा’ सुरू केला, ई-मेलवर. तो आजही चालू आहे आणि दर ३० जूनला त्याचा वाढदिवस साजरा होतो. पक्के-कच्चे ही दुपदरी रचना तिथे कधीच मागे पडली. आता प्रत्येक नियमाला आकड्यात ताकद असते, आणि जास्त ताकदीच्या नियमाला हात घालायला विरोधी मतांच्या कितीतरी पट मते बाजूने लागतात.

सूबर यांच्या मूळ नियमांत सर्वांत विलक्षण आहे तो शेवटचा, २१३. खेळ पुढे जाणेच अशक्य झाले, किंवा एखादी चाल एकाच वेळी नियमाला धरून आणि नियमाबाहेर ठरली, तर ज्याची पाळी अडकली तो जिंकला. म्हणजे विरोधाभास शोधून काढणे हा विजय. अगोरामध्येही अशा पेचाच्या जोरावर खेळाडू जिंकले आहेत. पण जिंकणे वेगळे आणि खेळच गोठून जाणे वेगळे. सूबर यांनी ११४ व्या नियमात लिहून ठेवले होते की नियम बदलण्याची वाट कधीही पूर्ण बंद होता कामा नये. अगोराच्या लोकांनी हीच चिंता मोजमापात बसवली. ज्या बदलामुळे खेळाडूंनी वाजवी रीतीने प्रयत्न करूनही चार आठवड्यांत हवा तो नियम बदलता येणार नाही अशी स्थिती येईल, तो बदल तिथे लागूच होत नाही.