हलगी, डॉल्बी आणि आबांचा दोन हजारांचा प्लेअर

आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीतले आबा रोज पहाटे रंकाळा तलावाला फेरी मारतात. चालताना त्यांना गाणं लागतं, पण फोनवर नको. मध्येच कुणाचा तरी फोन येतो, मेसेज वाजतो, जाहिरात लागते. त्यांना हवा होता खिशात मावेल असा, चाचपून कळतील अशा बटणांचा, फक्त गाणी वाजवणारा डबा. गेल्या महिन्यात ते दुकानात जाऊन आले आणि तिथून थेट माझ्याकडे आले. एक प्लेअर दोन हजारांच्या आतला होता, दुसरा अकरा हजारांचा. महागड्याच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, १९२ किलोहर्ट्झ.

"स्वस्तातल्यात एमपी-थ्री वाजतंय, अन् एमपी-थ्री म्हंजे गाणं दाबून चपटं केलेलं, असं त्यो दुकानदार म्हणतोय. खरं हाय का?"

मी म्हटलं, आबा, स्वस्तातलाच घ्या. पण कारण ऐकायला बसावं लागेल. ते बसले. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो, कारण हा 'चपटं गाणं' गैरसमज मी बऱ्याच शिकलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे.

आधी तो १९२ चा आकडा. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते आकड्यांत उतरवायचे तर ठरावीक वेळाने दाब मोजून लिहून ठेवायचा. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होतं आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, लिहिलं जातं. एवढेच का? नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत सांगतो की आवाजातली सर्वात वरची वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं, हर्ट्झमध्ये मोजतात ती) जेवढी असेल, तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं की मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. 'जवळपास तशी' नव्हे, जशीच्या तशी. जाहिरातीत दाखवतात तशा जिन्याच्या पायऱ्या कानापर्यंत पोचत नाहीत. त्या ठिपक्यांतून, त्या मर्यादेच्या आत, एकच वक्र जाऊ शकतो आणि तोच बाहेर पडतो. निरोगी तरुण कानाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असते. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. म्हणजे काम झालं. वयाबरोबर ही मर्यादा खाली येते आणि आबांच्या वयात ती २०,००० च्या बरीच खाली असते. १९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १,९२,००० मोजमापं; त्यातून जादा मिळणारा भाग वटवाघळाला ऐकू येईल, आबांना नाही. स्टुडिओत रेकॉर्डिंगवर पुढे बरीच प्रक्रिया करायची असते, तिथे जास्त बिट आणि जास्त नमुने, म्हणजे जास्त मोजमापं, उपयोगी पडतात. खिशातल्या प्लेअरला त्यांचा उपयोग नाही.

आता एमपी-थ्री. माझा खरा जीव इथे अडकलाय.

सीडीचं गाणं सेकंदाला सुमारे १४ लाख बिट खातं, म्हणजे मिनिटाला दहा मेगाबाइटहून थोडं जास्त. सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी-थ्री फाइल त्याच मिनिटाला एक मेगाबाइटच्या आत बसते. अकरातले दहा भाग गेले कुठे? 'कानाला ऐकू न येणारे आवाज काढून टाकतात' असं उत्तर सगळीकडे मिळतं. ते अर्धंच खरं आहे आणि गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडला उभे राहा. समोरून स्पीकरची भिंत येते. शेजारचा मित्र तुमच्या कानाशी ओरडतोय, त्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र पोचत नाही. त्याचा आवाज हवेत आहे, कानाच्या पडद्यावर आदळतोही आहे. तरी मोठ्या आवाजाने तो झाकोळला गेला. याला आपण झाकोळ म्हणू. एक आवाज दुसऱ्याला झाकोळतो तो हवेत नव्हे, कानाच्या आत.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्या लांबीभर साधारण ३५ मिलिमीटरची एक पातळ पट्टी ताणलेली असते. तोंडाशी ती अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. त्यामुळे उंच सूर तोंडाजवळ पट्टी हलवतात, खालचे सूर टोकाजवळ. ही लहर कशी प्रवास करते ते गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर काम करून पाहिलं. १९६१ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण एक सूर पट्टीचा एकच बिंदू हलवत नाही, आजूबाजूचा पट्टाही हलवतो. १००० हर्ट्झचा सूर वाजला की त्याच्या आसपासचा सुमारे १६० हर्ट्झ रुंदीचा शेजार त्याने व्यापलेला असतो. त्या शेजारात कुणी हळू आवाजात काही बोललं, तर तिथल्या केशपेशी (पट्टीची हालचाल टिपणाऱ्या पेशी) आधीच दणकून हलत असतात, नव्याची नोंद होत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ एबरहार्ट त्स्विकर यांनी ऐकू येणाऱ्या पल्ल्याचे असे २४ पट्टे पाडले. शिवाय लहर नेहमी तोंडाकडून टोकाकडे जाते. खालच्या सुराची लहर आपल्या जागी पोचण्याआधी उंच सुरांच्या जागा हलवत जाते. म्हणून खालचा सूर वरच्याला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितकासा नाही.

इथे एमपी-थ्रीची चतुराई सुरू होते. आकडा जितक्या कमी बिटांत लिहाल तितकी चूक मोठी, आणि ती चूक कानाला खरखर म्हणून ऐकू येते. एक बिट कमी केला की खरखर सुमारे ६ डेसिबलने वाढते. सीडीचे १६ बिट हे ९६ डेसिबलचं अंतर ठेवतात, म्हणजे खरखर जवळजवळ शून्य. पण समजा, एखाद्या पट्ट्यात त्या क्षणी गायिकेचा सूर असा लागलाय की त्याच्या २० डेसिबल खालचं सगळं तो झाकतो. मग त्या पट्ट्यात खरखर २० डेसिबलच खाली ठेवली तरी पुरे. त्याला तीन-चार बिट लागतात, सोळा नाहीत. म्हणजे एमपी-थ्री गाण्यातून नुसतं काही काढत नाही. ती गाण्यात चक्क खरखर घालते, आणि ती नेमकी अशा जागी लपवते जिथे तुमचा स्वतःचा कान तिला झाकून ठेवतो. पट्टा कोणता, क्षण कोणता, सूर किती मोठा, हा हिशेब सेकंदात कितीतरी वेळा नव्याने होतो. दुकानदाराने दाबलेलं चपटं गाणं म्हटलं ते हे.

कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी यावर कित्येक वर्षं घालवली. जुलै १९९५ मध्ये फाइलनावाचं '.एमपी३' हे शेपूट ठरलं. १९९८ साली आलेल्या पहिल्या खिशातल्या प्लेअरमध्ये ३२ मेगाबाइट जागा होती, जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. झाकोळ नसता तर तीन मिनिटं.

हिशेबात एक अडचण आहे आणि ती आपल्या हलगीने नेमकी उघडी पडते. पट्टे पाडण्यासाठी गाण्याचे ५७६ नमुन्यांचे तुकडे करतात, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंदांचे. तुकड्यातली वेळेची लहर गणिताने वारंवारतांत बदलतात, तिथे बिट छाटतात, वाजवताना उलटं गणित करतात. वारंवारतांत केलेली चूक उलट्या गणितात पूर्ण तुकड्यावर पसरते. तानपुऱ्याच्या संथ झंकारात काही बिघडत नाही. पण आधी शांतता आणि तुकड्याच्या मध्यावर हलगीवर काठी पडली, तर खरखर काठीच्या आधीच्या शांततेतही सांडते. मोठ्या आवाजानंतर कान शे-दीडशे मिलिसेकंद बधिर असतो, तिथे चूक लपते. आवाजाच्या आधी मात्र काही मिलिसेकंदच. म्हणून असा ठोका आला की एन्कोडर, म्हणजे एमपी-थ्री फाइल बनवणारा प्रोग्राम, तुकडा मोडून १९२ नमुन्यांचे तीन छोटे तुकडे करतो, जेमतेम चार मिलिसेकंदांचे, म्हणजे सांडलेली खरखर ठोक्याच्या पदराखाली राहते. छोट्या तुकड्यात वारंवारता मोघम कळतात, बिट जास्त लागतात. ते गाण्यातल्या आधीच्या सोप्या जागांवरून उसने घ्यायचे. बिटांचा बजेट फार आखडता असेल तर उसनवारी पुरत नाही, आणि हलगीच्या आधी 'फस्स' ऐकू येतं.

यातून सरळ सल्ला निघतो. ६४ किलोबिटच्या फायली घेऊ नका. १९२ किंवा २५६ ठेवा. ३२ जीबीच्या कार्डात २५६ ची सुद्धा अडीचशे तासांहून जास्त गाणी बसतात. आणि १२८ ची फाइल ३२० मध्ये 'सुधारून' देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गेलेले बिट परत येत नाहीत, उलट खरखरीवर नवी खरखर चढते. केबलवर लावायचे, सूर शुद्ध करणारे खडेही परदेशात विकले गेले आहेत. ग्रहशांतीच्या अंगठीतल्या खड्याइतकाच त्यांना आधार आहे, म्हणजे काहीच नाही.

एक जाता जाता सांगायलाच हवं. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी, आणि त्यांची युक्ती याच झाकोळावर उभी होती. गाणं मोठं असताना ते खरखर स्वतःच झाकतं, मग फक्त हळू भागच रेकॉर्ड करताना उचलून घ्यायचे आणि वाजवताना खरखरीसकट खाली आणायचे. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उरलेले पैसे कशावर घालवायचे? इअरफोनवर. कारण पुन्हा झाकोळच. केएमटीच्या बसमध्ये इंजिनाची घरघर खालच्या सुरांची असते, आणि खालचे सूर वरच्यांना झाकतात. गाणं ऐकू येईना की हात आवाज वाढवायच्या बटणाकडे जातो. कान नीट बंद करणारी रबरी बोंडं असलेला इअरफोन बाहेरचा आवाज अडवतो, मग कमी आवाजात भागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा. केशपेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. रस्त्याने चालताना मात्र एक बोंड काढून ठेवायचं, हॉर्न झाकोळला जाणं परवडणारं नाही.

बाकी बारीकसारीक. बटणं खिशात दाबली जाऊ नयेत म्हणून लॉक असलेला घ्या. बंद केल्यावर थांबलेल्या जागेपासून पुढे सुरू होतो का, ते दुकानातच बघा. स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांचे अनेकदा चौकोन दिसतात, तेव्हा फोल्डरला १, २, ३ आकडे द्या. कार्ड खोटं निघू शकतं, ६४ जीबी लिहिलेलं आणि आत आठच. एकदा पूर्ण भरा, परत संगणकावर उतरवून फायली वाजतात का पाहा. माझं असं एक कार्ड अर्ध्यावरच संपलं होतं. नव्या प्लेअरला पहिल्यांदा आठ तास चार्जिंग हा निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला नेम, लिथियमला तो लागत नाही. तिला पूर्ण रिकामी ठेवून कपाटात टाकणं मात्र सोसत नाही. वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा.

आबांनी स्वस्तातला घेतला. पण माझ्या शब्दावर नाही. मी त्यांना सीडीची फाइल आणि तिचीच १९२ किलोबिटची एमपी-थ्री, कोणती कोणती ते न सांगता, दहा वेळा ऐकवली. पाच वेळा बरोबर आले, नाणं उडवल्यावर यावेत तितके. मग खासबागच्या कुस्तीतल्या हलगीचं माझं रेकॉर्डिंग ६४ किलोबिटवर लावलं. त्यांनी लगेच बोंड काढलं.

"काठी पडायच्या आधीच कायतरी फसफसतंय की रं."